रागाचा पत्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे अब्बा रोह्याला पोस्टमन होते. खाकी कपडे, खांद्याला पिशवी आणि सायकल. कुंडलिकेच्या दोन्ही अंगांची गावं त्यांना घरांच्या नावांनिशी पाठ होती. त्यांचं एक सांगणं होतं. पत्ता अपुरा असला तर पत्र फिरून परत येतं, निदान पाठवणाऱ्याला कळतं तरी. रागाचं तसं नाही. रागावर पत्ता नीट लिहिला नाही तर तो परत येत नाही, जवळच्या घरात पडतो.

हे त्यांनी पहिल्यांदा कधी म्हटलं ते मला पक्कं आठवतं. १९९३ सालचा मार्च महिना होता. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. आजचा विषय आहे राष्ट्रप्रमुख, दहशतवाद, युद्ध आणि संयम. विषय मोठा आहे आणि माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं. पेणला राहून कविता करणाऱ्या माणसानं व्हाइट हाऊस आणि दिल्लीच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असं कुणालाही वाटेल. पण दहशतवादाचा माल एकदा आमच्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरला होता. राज्यकर्त्यांनी त्या वेळी काय केलं आणि काय केलं नाही, याचा माझ्या जगण्याशी थेट संबंध होता. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो.

सुरुवात मात्र दिल्लीहून नको, घराजवळूनच करू. पेणपासून फार दूर नाही, खोपोली-पाली रस्त्यावरून आत चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून दाट झाडीची अरुंद वाट. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानानं पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन सह्याद्री उतरून कोकणात येत होता. बरोबर रायबाघन नावाची शूर सरदारीणही होती. खिंडीत फौज पुरती शिरली आणि शिवाजी महाराजांच्या माणसांनी पुढची आणि मागची वाट बंद केली. पाणी नाही, वारा नाही, पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. रायबाघननं खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. महाराजांनी काय केलं? सगळं सामान, खजिना तिथंच टाकायला लावला आणि फौजेला जिवंत जाऊ दिलं. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या समकालीन ग्रंथात हा प्रसंग आलेला आहे.

शाळेत असताना मला या गोष्टीचं नवल वाटायचं. सगळे हातात सापडले होते, मग सोडले का? मोठेपणी उलगडा झाला. महाराजांना त्या दिवशी कत्तल नको होती, त्यांना कोकण हवं होतं. खानाची फौज नामोहरम होऊन परत गेली, हत्यारं आणि खजिना स्वराज्याला मिळाला, आपली माणसं वाचली. आणि जिथं घाव घालायलाच हवा होता, तिथं त्यांनी दोन वर्षांनी घातला. १६६३ च्या एप्रिलमध्ये, पुण्याच्या लाल महालात, खुद्द शाहिस्तेखानावर.

संयमाची व्याख्या मला याच खिंडीत सापडते. मारता येत असताना हात आवरणं म्हणजे संयम. मारता येत नाही म्हणून गप्प बसणं ही लाचारी. आणि हात आवरल्यावर पुढचं कामही न करणं ही ढिलाई. आमच्याकडे ‘सब्र’ हा शब्द आहे. पुष्कळांना वाटतं, सब्र म्हणजे सोसणं. माझ्या मते सब्र म्हणजे योग्य वेळेपर्यंत टिकून राहणं, आणि त्या वेळेची तयारी करत राहणं.

आता आजच्या राज्यकर्त्यांकडे वळू. त्याआधी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हाच सेनेचा सरसेनापती आणि हाच सरकारचा प्रमुख. तिथल्या राज्यघटनेनं युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला दिला आहे. पण रीतसर युद्ध पुकारलं गेलं ते शेवटचं १९४२ साली. त्यानंतरच्या कोरिया, व्हिएतनाम, इराक या सगळ्या लढाया तशा घोषणेविनाच झाल्या. आपल्याकडे घटनेच्या ५३ व्या कलमानुसार सेनादलांचं सर्वोच्च नेतृत्व राष्ट्रपतींकडे आहे, पण निर्णय पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाचा. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा राष्ट्रपतिपदावर आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील होत्या. कागदावर तिन्ही दलांच्या त्या सर्वोच्च प्रमुख, पण पाकिस्तानवर विमानं धाडायची की नाही हे ठरलं डॉ. मनमोहनसिंगांच्या टेबलावर. म्हणून तुलना करायची तर तिकडच्या राष्ट्राध्यक्षाची आपल्या पंतप्रधानाशी करायला हवी.

या तुलनेसाठी १९६२ चा ऑक्टोबर महिना फार उपयोगी आहे. एकाच महिन्यात दोन लोकशाही देशांच्या प्रमुखांची परीक्षा झाली.

१६ ऑक्टोबरला सकाळी जॉन केनेडींना विमानातून काढलेली छायाचित्रं दाखवण्यात आली. अमेरिकेच्या दाराशी, क्यूबात, रशिया अण्वस्त्रं वाहणारी क्षेपणास्त्रं बसवत होता. लष्करप्रमुखांचा आग्रह होता की ताबडतोब बॉम्बफेक करा. केनेडी सहा दिवस जाहीरपणे काहीच बोलले नाहीत. निवडक सल्लागारांना एका खोलीत बसवून त्यांना आपसांत भांडू दिलं. २२ तारखेला दूरचित्रवाणीवर आले आणि जाहीर केली ती समुद्रातली नाकेबंदी. २७ तारखेला क्यूबावर अमेरिकेचं टेहळणी विमान पाडलं गेलं, वैमानिक ठार झाला. तेव्हाही त्यांनी उलट हल्ल्याचा हुकूम दिला नाही. दुसऱ्या दिवशी रशियानं क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं कबूल केलं. बदल्यात अमेरिका तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढणार होती, पण हे कलम अनेक वर्षं लोकांपासून लपवून ठेवलं गेलं. म्हणजे समोरच्याला तोंड लपवायला नव्हे, तोंड दाखवायला जागा ठेवली. हे शहाणपण केनेडींना फुकट मिळालं नव्हतं. दीड वर्षापूर्वी त्याच क्यूबात, बे ऑफ पिग्जला, घाईनं केलेल्या चढाईत त्यांनी सपाटून मार खाल्ला होता.

त्याच महिन्यात आपल्याकडे काय झालं? १२ ऑक्टोबरला सिलोनला निघताना पंडित नेहरूंनी पालम विमानतळावर पत्रकारांना सांगितलं की, चिन्यांना आपल्या भूमीतून हटवण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. तेव्हा हिमालयात आपल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते, रस्ते नव्हते, तोफा नव्हत्या. आठ दिवसांनी, २० तारखेला चीननं हल्ला केला. नेहरूंची शांततेची निष्ठा खरी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एका माणसानं आधी विचार केला, मग तो बोलला. दुसरा आधी बोलला आणि तयारी मागे राहिली. संयमाला ताकदीचा आधार नसेल तर तो समोरच्याला संयम वाटतच नाही.

पुढची कामगिरी एका मराठी माणसाच्या वाट्याला आली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो ते यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून दिल्लीला गेले आणि २१ नोव्हेंबर १९६२ ला संरक्षणमंत्री झाले. त्याच दिवशी चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. पराभूत सैन्याचा प्रमुख होण्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. यशवंतरावांनी गाजावाजा न करता सैन्य वाढवलं, हत्यारं आणली, सेनापतींचा विश्वास परत मिळवला. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले, तेव्हा हवाई दल वापरायला त्यांनी काही मिनिटांत परवानगी दिली. ६ सप्टेंबरला लालबहादूर शास्त्रींच्या सरकारनं लाहोरची आघाडी उघडली. पण याच युद्धात पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सैन्य घुसवायचं नाही असंही ठरवलं आणि ते पाळलं. मारायचं कुठं आणि थांबायचं कुठं, ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी तयार होती.

इथं आमच्या पेण तालुक्यातल्या आणखी एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. विनोबांचा जन्म गागोद्याचा. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडलं होतं. आणि चीनच्या हल्ल्याच्या अगदी आधी, १९६२ च्या सप्टेंबरात, विनोबा पूर्व पाकिस्तानातून पायी चालत होते, तिथल्या जमीनदारांकडून भूमिहीनांसाठी दान मागत होते. त्यांची वाट संताची. राज्यकर्त्याला ती सगळी चालता येत नाही, कारण त्याच्यावर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी असते. पण सीमेपलीकडे शत्रूच राहतात असं नाही, माणसंही राहतात, एवढी आठवण करून द्यायला तरी गागोद्यासारखं एखादं गाव देशात असावं लागतं.

आता २००१ सालाकडे येऊ. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर हल्ले झाले, जवळजवळ तीन हजार माणसं मेली. जॉर्ज बुश यांच्याबद्दल माझं मत पुढे फार कडू झालं. पण न्यायानं एक गोष्ट सांगितली पाहिजे. हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी ते वॉशिंग्टनमधल्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले आणि अमेरिकी मुसलमान आपले शत्रू नाहीत, असं त्यांनी देशाला सांगितलं. याची गरज किती होती पाहा. आदल्याच शनिवारी ॲरिझोनात बलबीरसिंग सोधी नावाच्या पेट्रोलपंपवाल्याला एकानं गोळ्या घातल्या होत्या. फेटा आणि दाढी पाहून. सोधी शीख होते. अब्बा म्हणायचे ते हेच. अफगाणिस्तानात पोहोचवायचा राग ॲरिझोनातल्या एका पंपावर पडला.

बुश यांचा पहिला शब्द बरोबर होता. दुसरा निर्णय चुकला. अफगाणिस्तानात ओसामा बिन लादेनला आसरा होता, तिथं जाण्याला काही कारण तरी होतं. पण २००३ च्या मार्चमध्ये त्यांनी इराकवर हल्ला केला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याशी इराकचा संबंध नव्हता, आणि जी संहारक अस्त्रं शोधायला सैन्य गेलं ती सापडलीच नाहीत. या वेळी खुद्द राष्ट्राध्यक्षानंच रागावर चुकीचा पत्ता लिहिला. इराकमध्ये चार हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. इराकी माणसं किती तरी पटींनी जास्त मेली. अफगाणिस्तानातलं युद्ध वीस वर्षं चाललं आणि १५ ऑगस्ट २०२१ ला, ज्यांना हटवायला गेले होते तेच तालिबान काबूलमध्ये परत आले. जगातली सगळ्यात बलाढ्य फौज हाताशी होती. थांबायचं कुठं, ते मात्र आधी ठरलेलं नव्हतं.

आता घरी परत येतो.

१९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स आणि हत्यारं उतरवली गेली. १२ मार्चला, शुक्रवारी दुपारी, मुंबईत बारा स्फोट झाले. २५७ माणसं मेली. रमजानचा महिना होता. तेव्हा मी बी.ए. होऊन पेणला गणपतीच्या एका कारखान्यात हिशेब लिहायला होतो. संध्याकाळी रोजा सोडायला बसलो तर खजूर घशाखाली उतरेना. मुंबईत नातलग होते, आणि दोनच महिन्यांपूर्वीच्या दंगलींच्या जखमा ओल्या होत्या. डिसेंबर आणि जानेवारीतल्या त्या दंगलींत नऊशे माणसं मेल्याचं पुढे श्रीकृष्ण आयोगानं नोंदवलं.

काही दिवसांत शेखाडीचं नाव पेपरात आलं आणि आमच्याकडे पाहण्याच्या नजरा बदलल्या. श्रीवर्धनहून मुंबईला जाणारा हमरस्ता कोलाड, नागोठणे, वडखळ करत पेणवरूनच जातो. रोह्याहून पेणला येताना एसटी अडवली गेली. नावं विचारली. माझं नाव सांगितल्यावर मला एकट्याला खाली उतरवलं. पिशवीतून निघालं काय, तर सुक्या बोंबलांच्या चटणीचा डबा आणि कवितांची वही. वही पानन् पान उलटून पाहिली गेली. अख्खी एसटी खिडकीतून पाहत होती. तपासणी हवीच होती, हे मला आजही मान्य आहे. पण उतरवलेला मी एकटाच होतो. त्याच आठवड्यात कारखान्यात आलेल्या एका गिऱ्हाइकानं माझ्याकडे पाहत मालकांना विचारलं, “हा अजून ठेवलाय?” मालक काका काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रोजच्यासारखी रोकड मोजून माझ्या हातात दिली आणि बँकेत भरायला पाठवलं. तेवढंच.

घरी आल्यावर मी अब्बांपाशी चिडलो. त्यांना, पोलिसांना, गिऱ्हाइकाला, सगळ्यांना बोललो. तेव्हा अब्बांनी ते पत्त्याचं वाक्य सांगितलं. आणि पुढे म्हणाले, “तुझ्या रागावरचा पत्ता तरी बरोबर आहे का? माल उतरवणाऱ्यांवर तू किती चिडलास?” मी गप्प झालो. मी एसटीतल्या पोलिसावर जेवढा चिडलो होतो, तेवढा शेखाडीच्या किनाऱ्यावर बोटी लावणाऱ्यांवर चिडलो नव्हतो. ते चुकलंच होतं. पुढे खटल्यात टाडा न्यायालयानं शंभर जणांना दोषी ठरवलं. त्यांत माल उतरवणारे होते, तसे पैसे घेऊन डोळेझाक करणारे कस्टमचे आणि पोलीस खात्यातले लोकही होते, आणि ते सगळे एका धर्माचे नव्हते. आरडीएक्स आमच्या जिल्ह्यात धर्माच्या वाटेनं जेवढं आलं, तेवढंच लाचेच्या वाटेनं आलं.

त्या दिवशी राज्याचे मुख्यमंत्री होते शरद पवार. देशाचं संरक्षणमंत्रिपद सोडून त्यांना मुंबईत येऊन आठवडाही झाला नव्हता. स्फोट बारा झाले होते. पवारांनी दूरचित्रवाणीवर तेरा सांगितले आणि न झालेला तेरावा स्फोट मुस्लिम वस्तीत झाल्याचं सांगितलं. स्फोट झालेली ठिकाणं पाहून लोकांनी एकाच समाजाकडे बोट दाखवू नये आणि पुन्हा दंगल पेटू नये, म्हणून आपण खोटं बोललो, हे त्यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितलं.

या खोट्याबद्दल मी तीस वर्षं स्वतःशी वाद घालतो आहे. राज्यकर्त्यानं खोटं बोलू नये. आज एक खोटं चांगल्या हेतूनं पचलं तर उद्या वाईट हेतूचंही पचेल. इराकमधल्या अस्त्रांबद्दल जगाला जे सांगितलं गेलं तेही खरं नव्हतं, आणि त्यातून युद्ध पेटलं. पण त्या मार्चमध्ये जानेवारीसारखी दंगल झाली नाही. शेअर बाजाराच्या इमारतीखाली पहिला स्फोट झाला होता, तो बाजार सोमवारी पुन्हा उघडला. माझी माणसं जिवंत राहिली. मी त्या खोट्याला खरं म्हणणार नाही, पण ज्याच्यामुळे माझं घर वाचलं त्याला नावं ठेवायलाही माझी जीभ उचलत नाही.

राग आवरला गेला. पण पुढचं काम झालं का? १९९३ नंतर ‘ऑपरेशन स्वान’ या नावानं महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर गस्त सुरू झाली. हळूहळू तिच्यातली धार गेली. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी पुन्हा समुद्रातूनच आले, रबरी होडीनं, थेट कुलाब्याच्या कोळीवाड्यात उतरले. मधे पंधरा वर्षं गेली होती. तोच समुद्र आणि तीच उघडी दारं. यालाच मी ढिलाई म्हणतो. संयमाच्या नावाखाली ती खपवता येत नाही.

मधल्या काळात कारगिल झालं. १९९९ च्या मे महिन्यात अटलबिहारी वाजपेयींनी हवाई दलाला परवानगी दिली, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, ही अट घालून. जगाचं मत त्यामुळे भारताच्या बाजूनं वळलं. ४ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी नवाझ शरीफ यांना वॉशिंग्टनमध्ये बसवून सैन्य मागे घ्यायला लावलं. हा संयम यशस्वी झाला, पण तो स्वस्त नव्हता. शत्रू डोंगराच्या माथ्यावर, त्याची रसद तोडायला पलीकडे जायचं नाही, मग आपल्या जवानांना तोलोलिंग आणि टायगर हिलचे कडे समोरून चढावे लागले. ५२७ जवान शहीद झाले. महाडजवळ आमच्या जिल्ह्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे. पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस सैन्यात. संयमाचं कौतुक करताना त्या गावाच्या बाजूनं विचार करून पाहावा. पंतप्रधान हात आवरतो, तेव्हा त्याची किंमत कुणीतरी चढावर मोजत असतो.

मुंबईच्या हल्ल्यात १६६ माणसं मेली. पाकिस्तानवर बॉम्ब टाका, असं सगळा देश म्हणत होता. खरं सांगतो, ताजचा घुमट जळताना पाहून मलाही क्षणभर तेच वाटलं. मनमोहनसिंगांनी हल्ला केला नाही. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी २०१६ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे की, त्या वेळी त्यांचं मत उघड प्रत्युत्तर द्यावं असंच होतं, पण मागे वळून पाहताना न देण्याचा निर्णय बरोबर वाटतो. आपण हल्ला केला असता तर जगानं तो दोन भांडखोर शेजाऱ्यांचा तंटा ठरवला असता. दुसरी बाजूही सांगायला हवी. अजमल कसाबला रीतसर खटला चालवून २०१२ मध्ये फाशी दिली गेली, पण कट रचणारे पलीकडे मोकळे राहिले. ज्यांची माणसं सीएसटीच्या फलाटावर मेली, त्यांना हा संयम कसा पटवायचा? माझ्याकडे याचं उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे चटकन उत्तर असतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

त्या वेळी आणखी एक निर्णय झाला. तो सरकारचा नव्हता. मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमानांनी नकार दिला. मयताला माती देणं आमच्यात फर्ज मानलं जातं, म्हणून हा नकार साधा नव्हता. पण त्या दिवशी समाजानं आपल्या रागावर बरोबर पत्ता लिहिला होता. मला १९९३ ची ती संध्याकाळ आठवली. अब्बा तेव्हा नव्हते. असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्यानंतर दिल्लीची रीत बदलली. उरीनंतर २०१६ मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे कारवाई झाली, पुलवामानंतर २०१९ मध्ये बालाकोटवर विमानं गेली. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसांना मारलं, धर्म विचारून. त्यांत महाराष्ट्राचे सहा होते आणि त्यांतले एक आमच्या शेजारच्या पनवेलचे. पर्यटकांना वाचवायला गेलेला एक काश्मिरी मुसलमान घोडेवालाही त्यांत गेला. ७ मे ला ‘ऑपरेशन सिंदूर’ झालं. हल्ला दहशतवाद्यांच्या तळांवर आहे, वाढवायचा नाही, असं सरकारनं पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ते सांगायला बसलेल्यांत कर्नल सोफिया कुरेशी होत्या. तरी चार दिवस तोफा आणि ड्रोन चालले, पूंछमध्ये हिंदू, शीख, मुसलमान सगळ्यांच्या घरांवर गोळे पडले. १० मे ला शस्त्रसंधी झाली. मारायचं ठरवल्यावरही थांबण्याची जागा ठरवावी लागते, हे पुन्हा दिसलं.

पण पहलगामनंतरची मला लक्षात राहिलेली गोष्ट एका मुलीची आहे. लग्नाला आठवडाही झाला नव्हता आणि तिचा नौदलातला नवरा तिच्यासमोर मारला गेला. ती म्हणाली, मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी, पण मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका. तिला त्याबद्दल शिव्या खाव्या लागल्या. ज्याचं सर्वस्व गेलं तिला पत्ता नीट लिहिता आला, आणि घरात सुरक्षित बसलेल्यांना आला नाही.

म्हणून कुठल्याही राष्ट्रप्रमुखाला, तो कुठल्याही पक्षाचा असो, मी तीन प्रश्न विचारून पाहतो. हल्ल्यानंतर त्यानं शत्रू कोण ते नीट सांगितलं का, की लोकांना आपापला शेजारी निवडू दिला? हात उगारण्याआधी थांबायचं कुठं ते ठरवलं होतं का? आणि हात आवरला असेल, तर नंतर दारं नीट लावली का? केनेडी क्यूबाच्या वेळी तिन्हींत उतरतात. बुश पहिल्यात उतरतात, दुसऱ्यात नापास होतात. आपण आवरण्यात बरेचदा उत्तीर्ण झालो, दारं लावण्यात वारंवार मागे पडलो.

रोह्याला दसऱ्याच्या उत्सवात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस बंदुकांसह मानवंदना देतात. लहानपणी अब्बा मला खांद्यावर घेऊन ती पाहायला न्यायचे. गर्दीत सगळ्या जातीधर्माची माणसं असायची. बंदुका उभ्या राहायच्या, सलामी व्हायची आणि पालखी पुढे निघायची. ज्या हातात बंदूक आहे तो हात शिस्तीत आहे, एवढ्या भरवशावर ती गर्दी निर्धास्त उभी असायची. राज्यकर्त्याकडून सामान्य माणसाला तेवढाच भरवसा हवा असतो.